हुग्गीच्या आधी दहा मिनिटं

सरकारी कारखान्यात नैमित्तिक रजा एकतीस डिसेंबरला मरते. पुढच्या वर्षात तिला नेता येत नाही. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कारखान्यातल्या निम्म्या माणसांना एकाएकी घरगुती कामं निघतात. माझ्या सहा रजा उरल्या होत्या. नाताळ, शनिवार आणि रविवार मध्ये घालून त्यांचे सलग नऊ दिवस झाले. अर्जावर कारण म्हणून मीही 'घरगुती काम' असंच लिहिलं. खरं कारण विनोद हे होतं, पण तसं लिहिलं असतं तर आमच्या साहेबांनी वैद्यकीय दाखला मागितला असता.

मी, हरी निमकर, वय एकावन्न, गेले चौदा महिने हौशी विनोदवीर आहे. हातात माइक घेऊन, उभं राहून, आपल्याच आयुष्याची लक्तरं अनोळखी लोकांपुढे वाळत घालायची, असा हा प्रकार. तरुण मुलं करतात. त्यांची लक्तरं नवी असतात, बघायला बरी वाटतात. माझी धुवून धुवून विटलेली. तरी मी दर मंगळवारी जे. पी. नगरहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगल्याला जातो, सव्वा तास ट्रॅफिकमध्ये बसतो, पाच मिनिटं बोलतो आणि सव्वा तास परत येतो. या हिशेबात सगळ्यात जास्त कोणाची करमणूक होत असेल तर ती रिक्षावाल्याची.

दिवाळीत माझ्याकडून एक चूक झाली. फराळ करता करता, कोणी विचारलेलं नसताना, मी बायकोला म्हणालो, "डिसेंबरअखेर विराटच्या यादीत नाव लागलं नाही, तर बंद. कायमचं." कल्पना शाळेत गणित शिकवते. गणिताच्या शिक्षिकेसमोर तारीख घालून बोलू नये. तिने चकली संपवली, हात पुसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकतीस डिसेंबरभोवती पेनाने गोल केला.

विराट म्हणजे कोरमंगल्यातल्या एका कॅफेच्या तळघरात विनोदाचे कार्यक्रम भरवणारा मुलगा. वय सव्वीस. मला अंकल म्हणतो, आणि ते तो आदराने म्हणतो हेच जास्त लागतं. त्याची एक पक्की यादी आहे, बारा नावांची. यादीतल्यांना ठरलेली वेळ मिळते. यादीबाहेरच्यांसाठी नियम असा की प्रत्येकाने बोलायला येताना दोन प्रेक्षक बरोबर आणायचे. चौदा महिन्यांत मी ऑफिसातले सहकारी, त्यांचे मेहुणे, कारखान्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी आणि एकदा तर आमचा दंतवैद्यसुद्धा नेऊन संपवला होता. एक सहकारी सोडला तर कोणी दुसऱ्यांदा आलं नाही. दंतवैद्याने तर नंतर माझ्या रूट कॅनालची तारीख दोनदा पुढे ढकलली.

कल्पना एकदाही आली नव्हती. घरी फुकट मिळतं ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं तिचं म्हणणं.

नव्या वर्षाच्या यादीसाठी अर्ज मागवले होते. पाच मिनिटांचा व्हिडिओ, कुठेही न कापलेला, भाषा कुठलीही चालेल, पण प्रेक्षकांचं हसू ऐकू आलं पाहिजे. मुदत एकतीस डिसेंबर, संध्याकाळी सहा. माझ्याकडे चौदा महिन्यांचे व्हिडिओ होते. त्यांत सगळं ऐकू येत होतं. कॉफीचं मशीन, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, एकदा तर वरच्या रस्त्यावर भांडणाऱ्या दोन स्कूटरवाल्यांचं संपूर्ण संभाषण, ज्याला लोक हसलेही होते.

म्हणून नऊ दिवसांची रजा. त्यात दोन कार्यक्रम पकडायचे, एक चांगला व्हिडिओ काढायचा आणि पाठवायचा. योजनेत दोष एकच होता, तो म्हणजे नाताळाचा आठवडा. कोरमंगल्यातली हसणारी जनता पीजीत, म्हणजे पेइंग गेस्टच्या खोल्यांत राहते, आणि नाताळाच्या आठवड्यात पीजी ओस पडतात. सगळी मुलं बॅगा घेऊन आईकडे जातात. तेवीस तारखेला तळघरात नऊ माणसं होती. आठ जण स्वतःची पाळी यायची वाट बघणारे विनोदवीर. ते हसत नाहीत. मोबाइलमध्ये स्वतःचे मुद्दे वाचत असतात आणि एखादा विनोद फारच आवडला तर मान हलवून 'चांगला आहे' म्हणतात. नववा माझा सहकारी महांतेश. तो विजापूरकडचा, स्वभावाने मऊ, आणि तिथले बटाट्याचे तळलेले काप आवडतात म्हणून दर वेळी यायला तयार. दोन प्रेक्षकांचा नियम सुट्टीपुरता सैल केला होता, म्हणून मी आत जाऊ शकलो.

माझे विषय तीनच. वाजणारा गुडघा, तीनदा हुकलेलं प्रमोशन आणि न हसणारी बायको. हिंदीत बोलतो, मध्ये मध्ये इंग्रजी पेरतो, आणि दोन्ही भाषा माझ्या तोंडी आल्या की शिस्तीत उभ्या राहतात. महांतेश माझ्यासाठी मोठ्याने हसायचा प्रयत्न करत होता, पण तोंडात बटाटा असल्याने त्याला ठसका लागला. त्या ठसक्याला मात्र सगळे हसले. सव्वीसला परत गेलो. त्या दिवशी सात माणसं होती. महांतेशही गावी गेला होता.

सत्तावीसला सकाळी मी गॅलरीत स्वतःची कीव करत बसलो होतो. रजेचा तोही एक उपयोग असतो. खालून घरमालक कृष्णमूर्ती राव वर आले.

कृष्णमूर्ती राव बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडे, कन्नड मुलखात आलं. आम्ही सांगलीहून बावीस वर्षांपूर्वी आलो आणि अजून 'आमच्याकडे असं नसतं' म्हणतो. ते साडेतीनशे वर्षांपूर्वी आले आणि तक्रार संपवून मोकळे झाले. त्यांची मराठी मला आवडते. तिच्यात निम्मं कन्नड असतं आणि उरलेलं निम्मं आमच्या आजोबांच्या वेळचं. त्यांनी सांगितलं की धनुर्मास चालू आहे. त्यांच्या समाजाच्या सभागृहात पहाटे पूजा होते, उजाडायच्या आत नैवेद्य, आणि मग हुग्गी, म्हणजे मिरं घातलेली मऊ मुगाची खिचडी. पूजा आणि हुग्गीच्या मध्ये दहा मिनिटं रोज एक दासरू हरिकथा सांगतात. त्या दासरूंचा घसा बसला होता.

"तुम्ही कुठे कुठे जाऊन बोलता म्हणे," ते म्हणाले. "उद्या रविवार. आमच्याकडे स्वल्प बोला की, अण्णा. पन्नास माणसं आहेत. मराठीत चालतंय."

पन्नास माणसं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मिळून मी एवढी माणसं पाहिली नव्हती. मी हो म्हणालो. आश्चर्य म्हणजे कल्पनाही यायला तयार झाली. मला बरं वाटणार इतक्यात तिने सांगितलं की हुग्गी चांगली असते असं ऐकलंय, आणि रविवारी सकाळी नाश्ता करावा लागणार नाही.

पहाटे सव्वापाचला आम्ही सभागृहात पोहोचलो. थंडी चांगलीच होती. सतरंज्यांवर पन्नास-एक मंडळी बसली होती. सरासरी वय बहात्तर. स्वेटर, शाली, कानटोप्या. पुष्कळांचे फक्त डोळे आणि चष्मे दिसत होते. तोंड लोकरीच्या आत असलेला माणूस हसला तरी कळणार कसं, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. पूजा झाली. मला पाटावर बसवलं, गळ्यात तुळशीचा हार घातला, समोर गरम दुधाचा पेला ठेवला. मी उभा राहून बोलतो म्हणालो, तर गुडघ्याला त्रास होईल, बसूनच बोला, असं झालं. कृष्णमूर्ती रावांना माझ्या गुडघ्याची कल्पना आहे. ते खाली राहतात.

मग त्यांनी माझी ओळख करून दिली. "हे हरी अण्णा. आमच्या वर राहतात. आज देवापुढे मनातलं स्वल्प बोलणार आहेत."

घोळ झाला तो इथे, आणि मला तो कळलासुद्धा नाही. मी खूश होतो. कल्पनाला पुढे बसवून फोन धरायला दिला होता आणि गुडघ्यापासून सुरुवात केली.

"माझा गुडघा इतका वाजतो," मी म्हणालो, "की मी जिना चढायला लागलो की खालच्यांना वाटतं दारात भजनी मंडळ आलं."

शांतता. कानटोप्या एकाग्र होऊन माझ्याकडे बघत होत्या. मग कृष्णमूर्ती राव सभेला उद्देशून गंभीरपणे म्हणाले, "आवाज येतो. खरं आहे ते."

सभागृहात हळहळ पसरली. दुसऱ्या रांगेतून हयवदन राव उठले. हे पोस्टातून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आणि औषधांची आवड असलेले. त्यांनी विचारलं, कुठला गुडघा. मी डावा म्हणालो. चढताना की उतरताना? मी चढताना म्हणालो. त्यांनी डोळे मिटले आणि गूळ-चुन्याचा लेप सांगितला. विनोदवीराला प्रेक्षकांनी मध्ये टोकलं तर काय करायचं याचं प्रशिक्षण मी यूट्यूबवर घेतलं आहे, पण त्यात टोकणारा लेप सांगत नाही.

मी प्रमोशनवर गेलो. माझा हा सगळ्यात भरवशाचा विनोद. "तीनदा प्रमोशन हुकलं. आता मुलाखतीला गेलो की तेच लोक विचारतात, हं, गेल्या वेळी आपण कुठे थांबलो होतो?"

"तीनदा?" पहिल्या रांगेतून आवाज आला. कृष्णमूर्ती रावांच्या आई, सगुणाबाई. वय चौऱ्याऐंशी, पण आवाजाला सुरकुती नाही.

"हो," मी म्हणालो.

"आणि कोणी काही केलं नाही, अप्पा?"

त्यानंतर माझ्या प्रमोशनवर चर्चा झाली. शनीचं काही असेल का, कुलदेवतेला कधी गेलो होतो, कोणाच्या जावयाचं कसं अडलं होतं आणि मारुतीला एकवीस दिवस एकवीस प्रदक्षिणा घातल्यावर कसं सुटलं. चौदा महिने मी ज्या गोष्टीवर हसू मागत होतो, तिला पन्नास माणसांकडून सहानुभूती मिळत होती, आणि सहानुभूतीइतकं विनोदवीराला नामोहरम करणारं दुसरं काही नसतं. घाईघाईने मी शेवटचा विषय काढला.

"माझी बायको हसत नाही. चोवीस वर्षांत एकदाच हसली, लग्नाच्या फोटोत. तेही फोटोग्राफर 'हसा' म्हणाला म्हणून."

पन्नास कानटोप्या एकदम वळल्या. फोन धरून बसलेल्या कल्पनाकडे. सगुणाबाईंनी तिला नीट न्याहाळलं.

"काय गं हे, कल्पना? नवरा देवापुढे मन मोकळं करतोय, आणि तू फोन घेऊन बसलीस?" मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "दिवसातून तीनदा तरी हसावं गं. नाही आलं तरी हसावं. औषध म्हणून घ्यायचं."

कल्पनाने ओठ दाबले. एक क्षण टिकली. मग तिचे खांदे हलायला लागले आणि मी चोवीस वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज तिच्यातून बाहेर पडला. ती वाकली, डोळे पुसले, 'सॉरी' म्हणायला गेली आणि तेही हसण्यात गेलं. सभागृहाला वाटलं औषध लगेच लागू पडलं. सगुणाबाई समाधानाने म्हणाल्या, "सरी, झालं बरोबर. आता नैवेद्य."

हुग्गीच्या पंगतीत एकेक जण येऊन मला उपाय सांगून गेला. हुग्गी खरोखर उत्तम होती.

घरी आल्यावर व्हिडिओ बघितला. चार मिनिटं शांतता आणि सल्लामसलत. मग फोन हलतो, छत दिसतं, आणि पूर्ण पन्नास सेकंद हसू. खणखणीत, खरं, अनावर हसू. मी खुर्चीतून उठलो. हा व्हिडिओ पाठवायचा, मी म्हणालो. पाच मिनिटं आहेत, कापलेला नाही, हसू ऐकू येतंय. नियमात चोख बसतो.

कल्पनाने चहा गाळता गाळता विचारलं, "मी कशाला हसले?"

"सगुणाबाई बोलल्या त्याला."

"म्हणजे पेपर सगुणाबाईंनी लिहिला. मार्क तुझ्या नावावर कसे घालायचे?"

हसू कोणाच्या विनोदाला हवं हे विराटच्या नियमात लिहिलेलं नाही, असा मी युक्तिवाद केला. ती म्हणाली, विराटच्या नियमाचं मला माहीत नाही, पण हसू माझं आहे. ते तुझ्या विनोदाला आलेलं नाही आणि तसं सांगून ते कुठेही जाणार नाही. तिने तीस वर्षं कॉपी करणारी मुलं पकडली आहेत. मी व्हिडिओ पाठवला नाही. कॅलेंडरवरच्या गोलापर्यंत तीन दिवस उरले होते आणि शहरातले सगळे कार्यक्रम नव्या वर्षापर्यंत बंद होते. म्हणजे माझ्या दृष्टीने सगळं संपलं होतं. शेवटच्या तीन रजांमध्ये माळा आवरावा असं मी ठरवलं.

पण माळा आवरायला सवड मिळाली नाही. सोमवारी सकाळी सगुणाबाईंनी खालून वाटीत गूळ-चुना पाठवला. अकराला हयवदन रावांचा फोन आला, लेप लावला का म्हणून. दुपारी परत आला. मी लावतो म्हणालो, तर ते म्हणाले, आत्ता लावा, मी थांबतो. संध्याकाळी मारुतीच्या देवळात गेलो. न जाऊन सांगतो कोणाला. कृष्णमूर्ती राव फाटकाशी उभे राहून मला निरोप देत होते. कल्पनाने तिचा उपाय मनापासून घ्यायला सुरुवात केली. गणिताची माणसं मात्रा चुकवत नाहीत.

मंगळवारी, तीस तारखेला, वैकुंठ एकादशी. खालच्या मजल्यावर चूल पेटली नाही. संध्याकाळी सगुणाबाईंचा निरोप आला. उद्या द्वादशीचं पारणं आहे, पहाटेच या, आणि काय गुण आला ते सांगा. सगळे विचारतायत.

म्हणजे एकतीस डिसेंबरला पहाटे मी पुन्हा त्याच पाटावर बसलो होतो. समोर पन्नास माणसं, ज्यांनी आदल्या दिवसापासून काही खाल्लेलं नव्हतं. हौशी असलो तरी एवढं मला कळतं की उपाशी प्रेक्षकांपुढे विनोद करू नये. मला करायचाही नव्हता. मी अहवाल द्यायला आलो होतो. समोर कल्पना बसली होती. मी काही म्हटलं नव्हतं, पण तिने पिशवीतून फोन काढला आणि धरला.

"लेप लावला," मी सांगितलं. "हयवदन राव फोनवर होते, म्हणून दोनदा लावला. पहाटे जाग आली तर गुडघ्याला मुंग्या. मला वाटलं, आराम पडतोय. दिवा लावला. खऱ्या मुंग्या होत्या. गूळ खात होत्या. चुना ठेवला होता."

पहिल्या रांगेत कानटोपीआडून घुसमटल्यासारखा आवाज आला. मी थांबलो. सगुणाबाई मागे वळून हयवदन रावांकडे बघत होत्या.

"चाळीस वर्षं हा लेप सांगतोय हा," त्या म्हणाल्या. "आमचे हे लावून बसले होते. त्यांनाही मुंग्याच."

आणि सभागृह फुटलं. सगळ्यांनी तो लेप लावलेला होता. सगळ्यांना मुंग्या आलेल्या होत्या आणि चाळीस वर्षं कोणी हयवदन रावांना वाईट वाटू नये म्हणून बोललं नव्हतं. हयवदन राव स्वतः सगळ्यात जास्त हसत होते. गूळ जुना घ्यायचा असतो, असं ते सांगायचा प्रयत्न करत होते, पण ते कोणाला ऐकू जाईना.

मी पुढे सांगितलं. कसलीही नक्कल नाही, आवाज बदलणं नाही, घडलं तेच. "प्रमोशनसाठी मारुतीला गेलो. प्रदक्षिणा सुरू केल्या. तिसऱ्या फेरीला बघतो तर पुढे आमचे साहेब. ज्यांच्या हातात माझं प्रमोशन आहे ते. तेही स्वतःच्या प्रमोशनसाठीच आले होते. एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही काही न बोलता फिरत राहिलो. ओलांडून पुढे जायचं धाडस मला झालं नाही. तिथेही ते माझ्या दोन फेऱ्या पुढेच होते."

एक आजोबा 'नारायण, नारायण' म्हणत शेजाऱ्याच्या खांद्यावर आडवे झाले. कोणाला तरी खोकला लागला, तो पाठीत थापट्या घालून थांबवला आणि तो माणूस परत हसायला लागला.

"आणि बायको," मी म्हणालो. "तिने औषध वेळेवर घेतलं. सकाळी मी म्हणालो, गॅस संपला. ती हसली. मी म्हणालो, अगं, खरंच संपला. ती परत हसली. दुपारी मी म्हणालो, आता पुरे. ती म्हणाली, अजून एक डोस राहिलाय."

कल्पना आता फोन दोन्ही हातांनी धरून बसली होती, हलू नये म्हणून. तरी हलत होता. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. या वेळी मध्ये कोणी बोललेलं नव्हतं. ती मी सांगितलेल्याला हसत होती, आणि मला पुढचं वाक्य आठवेना. सुदैवाने पारण्याची वेळ झाली.

घरी आल्यावर तिने फोन माझ्यापुढे ठेवला. "हे तुझं आहे," ती म्हणाली. "पाठव."

पाच मिनिटांना दहा सेकंद कमी. मी दहा वाजता पाठवलं आणि दिवसभर फोन उलटा-सुलटा करत बसलो. चार वाजता विराटचा फोन आला. तो फार सौम्यपणे बोलला. निवड करणाऱ्या तिघांनी मिळून व्हिडिओ ऐकला, म्हणाला. मराठी पूर्ण नाही कळलं, पण ओघ छान आहे. फक्त हसू वरून टाकलेलं आहे, अंकल, आणि ते नियमात बसत नाही.

मी म्हणालो, ते खरं आहे. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की अंकल, आमचं कामच हे आहे. खरे लोक सगळे मिळून एकदम हसत नाहीत. इतका वेळ हसत नाहीत. हसताना इतके खोकत नाहीत. आणि त्यातला एक जण तर 'नारायण, नारायण' म्हणतोय, तो आवाज टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतून उचललाय हे कोणीही सांगेल. मी पत्ता देऊ केला. कृष्णमूर्ती रावांचा नंबर देऊ केला. त्याने व्हिडिओवरची वेळ वाचून दाखवली, पाच वाजून बावीस मिनिटं.

"पहाटे सव्वापाचला कोण हसतं, अंकल?" तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. माझ्या वयाच्या माणसाने असं करावं याचं त्याला वाईट वाटलं होतं.

चौदा महिने मला खरं हसू मिळालं नव्हतं म्हणून मी नाकारला जात होतो, आणि ते मिळालं त्या दिवशी खोटेपणाच्या आरोपावरून बाद झालो. मी स्वयंपाकघरात जाऊन कल्पनाला सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली. मग विचारलं, "तू काय म्हणालास त्याला?"

"काय म्हणणार? थँक यू म्हणालो."

दोघांनीही कॅलेंडरकडे बघायचं टाळलं. शब्द मीच दिला होता. बंद म्हणजे बंद.

सहाच्या सुमाराला कृष्णमूर्ती राव वर आले. धनुर्मास संक्रांतीपर्यंत आहे, म्हणाले. दासरूंना डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. रविवारी या. मी त्यांना खुर्ची दिली आणि जरा भारावलेल्या आवाजात सांगितलं की मी आता विनोद करणं सोडलं आहे. आजपासून. कायमचं.

त्यांनी डोळे बारीक केले. "विनोद कधी केलात?"

मी दुसरी खुर्ची ओढून बसलो.

"कोरमंगल्यात काय करायचे ते बंद करा की, अण्णा. चांगलं झालं, गुडघ्याला बरं. पण रविवारी यायला पाहिजे. हयवदनाने जुना गूळ शोधून आणलाय. साहेबांचं पुढे काय झालं ते आईला ऐकायचंय. तुम्ही सांगितलं नाही तर कोण सांगणार?"

मी कल्पनाकडे बघितलं. नियमाचा प्रश्न होता आणि घरात नियम तिच्याकडे असतात. तिने विचार केला. खरोखर केला, एखाद्या मुलाने उत्तर वेगळ्या रीतीने काढलं असेल तर करते तसा.

"विनोद बंद म्हणाला होतास," ती म्हणाली. "तब्येत सांगायला बंदी नाही."

कृष्णमूर्ती राव 'सरी' म्हणून उठले आणि जिना उतरून गेले. उद्यापासून कारखाना होता, रजा सगळ्या मेल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी साहेबांना तोंड दाखवायचं होतं. ते मारुतीच्या देवळाबद्दल काही बोलतील का, की दोघांनी आपण तिथे नव्हतोच असं वागायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. मी कल्पनाला म्हणालो, समज, ते म्हणाले की निमकर, सोमवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होता, आणि मी म्हणालो की साहेब, तुमच्या मागेच होतो, तर—

"आत्ता नको," ती म्हणाली. "रविवारी सांग. मला तिथे बसून ऐकायचंय."